यादीत नसलेला माणूस

सांगलीच्या जुन्या पेठेतील एक फोटो स्टुडिओ अलीकडे कायमचा बंद झाला. त्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही आणि येण्याचे कारणही नव्हते. दुकाने उघडतात, बंद पडतात. बाजाराच्या व्यवहारात याला कोणी घटना म्हणत नाही. मात्र मोबाइलमधल्या कॅमेऱ्याने हा स्टुडिओ बुडवला, असे जे पेठेत सर्रास बोलले जाते, ते खरे नव्हे. मोबाइलचा कॅमेरा हाती आल्यानंतरही तो दहा-बारा वर्षे चालत होता, बरा चालत होता. तो बंद पडला कर्जामुळे, आणि ते कर्ज फुगले २०२० व २०२१ या दोन वर्षांच्या टाळेबंदीत. शासनाने सार्वजनिक हितासाठी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते योग्य कारणासाठी, एका माणसाचे काम बंद केले. त्या बंदीची किंमत मात्र तो माणूस एकटाच पुढे वर्षानुवर्षे फेडत राहिला आणि अखेर दुकान विकून त्याने ती चुकती केली. समाजाच्या हितासाठी जे नुकसान ओढवून घ्यावे लागते ते समाजात कसे वाटले जावे, हा अर्थशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. महासाथीने तो आपल्या दारात आणून उभा केला होता. आपण त्याचे उत्तर दिले नाही, आणि आता तर तो प्रश्न होता याचाही आपल्याला विसर पडू लागला आहे.

या स्टुडिओच्या मालकांना पेठेत लहानथोर सगळे 'अण्णा' म्हणतात. स्टुडिओ चालवणारी त्यांची तिसरी पिढी. घरचा डॉक्टर, घरचा सोनार, घरचे भटजी, तसा 'घरचा फोटोग्राफर' ही आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गावांतील एक संस्था होती आणि बऱ्याच प्रमाणात अजूनही आहे. बारसे, जावळ, मुंज, साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, साठीशांत आणि आयुष्याने साथ दिली तर सहस्रचंद्रदर्शन, अशा सर्व प्रसंगी एकाच घरात एकच माणूस पंचवीस-तीस वर्षे येत राहतो. कोणत्या काकांचा कोणत्या मामांशी अबोला आहे, ग्रुप फोटोत कोणाला कोणाच्या शेजारी उभे करायचे नाही, स्वयंपाकघरात अडकलेल्या कोणत्या बाईला मुद्दाम हाक मारून पुढे आणावे लागते, हे त्याला ठाऊक असते. हाताशी कॅमेरा आला म्हणून हे ज्ञान हाताशी येत नाही. ज्या घरांत लिहिण्याची परंपरा नव्हती, त्या घरांचा तर लिखित असा इतिहासच नाही. भिंतीवरच्या चार तसबिरी आणि पेटीतला एक आल्बम एवढाच त्यांचा दप्तरखाना. तो सांभाळणारा हा कारागीर आहे.

त्याच्या धंद्याचे अर्थकारण मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. त्याची मिळकत दुकानदारासारखी रोजची नसते आणि नोकरदारासारखी महिन्याचीही नसते. ती शेतकऱ्यासारखी हंगामाची असते. चातुर्मासात मुहूर्त नसतात. तुलसीविवाहानंतर काही तिथी मिळतात. पण खरे पीक येते ते एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत. अण्णांच्या वहीप्रमाणे वर्षाच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग या दोन महिन्यांत येत असे. पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रे, तसबिरींच्या फ्रेमा यांवर दुकानाचे वीजबिल निघे, घर चाले ते लग्नसराईवर. शिवाय प्रत्येक लग्नामागे दिवे धरणारी दोन पोरे, एक व्हिडिओवाला आणि आल्बमची पाने संगणकावर जुळवणारा एक तरुण, अशी चार माणसे रोजावर जगत. ज्याचे उत्पन्न महिन्याने येते त्याला तीन महिन्यांची टाळेबंदी म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. ज्याचे उत्पन्न हंगामाने येते त्याला तेच तीन महिने म्हणजे जवळजवळ सबंध वर्ष.

आता २०२० सालाकडे येऊ. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०१९ च्या महापुरात, कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले होते. अण्णांचा स्टुडिओ कित्येक दिवस पाण्यात होता. संगणक, छपाईचे यंत्र, पडदे गेलेच. आजोबांच्या आणि वडिलांच्या हातच्या निगेटिव्हचे डबेही चिखलात गेले. पुन्हा उभे राहण्यासाठी त्यांनी तीन लाख रुपयांचे कर्ज काढले. तारण नव्हते, म्हणून बँकेने ते धंद्याच्या नावावर न देता वैयक्तिक कर्ज म्हणून, चौदा टक्के व्याजाने दिले. हा तपशील त्या वेळी किरकोळ वाटला होता. पुढे तोच महत्त्वाचा ठरला. नवा कॅमेरा आला, आणि २०२० च्या एप्रिल-मेसाठी एकोणीस लग्नांची कामे वहीत नोंदली गेली.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती सुरू झाली. दुसरा दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचा होता. त्या दिवशी नव्या कॅमेऱ्याची पूजा करून कामाला लागायचे अण्णांनी ठरवले होते. एकवीस दिवसांची मुदत ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत वाढत गेली. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया घरातच गेली. मे महिन्यात पन्नास माणसांच्या मर्यादेत लग्ने लावण्यास परवानगी मिळाली, तेव्हा प्रत्येक घरात पन्नासांची यादी करण्यास लोक बसले. भटजींना त्या यादीतून वगळता येत नव्हते. फोटोग्राफरला येत होते. घरातल्याच एखाद्या मुलाच्या हातात मोबाइल दिला की एक जागा मोकळी होत होती. अण्णा ज्या याद्यांमधून वगळले गेले त्यांतील ही पहिली यादी आणि ती आपण, म्हणजे त्यांच्या घरच्याच माणसांनी, केली होती.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्या एकोणीस लग्नांत प्रस्तुत लेखकाच्या पुतणीचे लग्न होते. ते पुढे ढकलले गेले आणि नंतर घरच्या घरी उरकले. आमच्या घरातून अण्णांकडे दिलेला विसार परत मागितला गेला. कार्यालयवाल्याने आमची अनामत परत केली नव्हती, त्याच्याकडे लेखी पावतीची अट होती आणि त्या अटीपुढे आम्ही गप्प बसलो. अण्णांकडे पावती नव्हती, नुसता शब्द होता. म्हणून त्यांच्याकडे मागणे सोपे होते. त्यांनी तीन हप्त्यांत सगळे पैसे परत केले. ते पैसे त्यांनी लॅबला आगाऊ दिलेले होते आणि तिकडून ते परत येणार नव्हते, हे आम्हाला पुढे कळले. त्या सबंध काळात लेखकाचे निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत होते. टाळेबंदीच्या आवश्यकतेवर आम्ही दूरध्वनीवरून पुष्कळ चर्चा करत होतो. ती आवश्यकता आम्हाला पटणे स्वाभाविक होते, कारण तिचे बिल आमच्या नावावर येत नव्हते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बरेच काही केले गेले. परंतु जे केले गेले त्याच्या कोणत्या चौकटीत हा माणूस बसत होता, ते एकेक करून पाहण्यासारखे आहे.

रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते स्थगित करण्याची मुभा दिली. ती मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने चालली. अण्णांनी ती घेतली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते. तीन लाखांवर चौदा टक्क्यांनी महिन्याला साडेतीन हजार, सहा महिन्यांचे एकवीस हजार रुपये मुद्दलात मिळाले. पुढे व्याजावरील व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतील फरक स्वतः भरण्याचे ठरवले. वाचकांनी आकडेमोड करून पाहावी: या कर्जावर तो फरक सुमारे सहाशे वीस रुपये येतो. म्हणजे सहा महिने सक्तीने बंद राहिलेल्या धंद्याच्या एकवीस हजारांच्या व्याजापोटी शासनाचा वाटा सहाशे वीस रुपयांचा.

मे २०२० मध्ये लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची हमी जाहीर झाली. ही मदत २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्यावर धंद्याचे जितके कर्ज असेल त्याच्या वीस टक्के इतकी होती. अण्णांचे कर्ज बँकेच्या दप्तरी धंद्याचे नव्हतेच. शिवाय या योजनेची रचनाच अशी की, ज्याला आधी कर्ज मिळाले होते त्यालाच आणखी कर्ज मिळावे. आणि मदत म्हणून जे मिळे तेही अखेर फेडायचेच असे. जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची योजना आली. त्या वेळी अण्णा खरोखरच भाजी विकत होते. स्टुडिओ 'अत्यावश्यक' नव्हता, भाजी होती. म्हणून पत्नीसह ते सकाळी दोन तास स्टुडिओच्या पायरीवर मेथी आणि वांगी घेऊन बसत. परंतु ती योजना २४ मार्च २०२० किंवा त्यापूर्वी विक्री करणाऱ्यांसाठी होती. टाळेबंदीने ज्याला पथविक्रेता बनवले तो त्या व्याख्येत पथविक्रेता नव्हता.

मग दुसरे वर्ष उजाडले. २०२१ चा गुढीपाडवा १३ एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. सलग दुसऱ्या वर्षी वर्षारंभाच्या दिवशीच हंगाम बुडाल्याची वर्दी आली. या खेपेस राज्य शासनाने निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, ही गोष्ट तत्त्वतः फार मोलाची होती. बंदीचा आदेश आणि भरपाईचा आदेश एकाच श्वासात देण्याची समज त्यात होती. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये मिळणार होते. रक्कम अपुरी होती, पण या कष्टकऱ्यांची यादी होती, आणि ती यादी त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून करवून घेतली होती. फोटोग्राफर, मंडपवाला, बँडवाला, आचारी, वाढपी, फुलांच्या माळा करणाऱ्या बाया यांची संघटना नव्हती, म्हणून यादीही नव्हती. आठवडाभरात लग्नांवर पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. ती मोडणाऱ्याला पन्नास हजारांचा दंड होता. अण्णांनी दुसरा कॅमेरा निम्म्या किमतीत विकला. व्हिडिओवाला तरुण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आणि परत आला नाही.

आणि नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत अण्णांच्या घरचा दूरध्वनी वाजू लागला. शटर खाली होते. मागच्या दाराने लोक येत होते, किंवा मोबाइलवर काहीबाही पाठवत होते. सगळ्यांचे मागणे एकच असे: हार घालायला फोटो हवा आहे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा, नीट फोटो पुष्कळ घरांत नव्हता. विशेषतः बायकांचा नव्हता. आधार कार्डावरचा काळवंडलेला चेहरा, कोणाच्या तरी लग्नातल्या पंगतीत वाढताना मागे वळून पाहिलेली एक नजर, एवढेच उरलेले असे. अण्णा त्यातून चेहरा वेगळा करून, रेषा साफ करून, मोठा करून देत. कित्येक कुटुंबांनी शेवटचे दर्शनसुद्धा घेतलेले नव्हते. रुग्णालयातून परस्पर अंत्यविधी झाले होते. त्यांच्यापुढे त्या माणसाचा चेहरा पुन्हा आणून ठेवणारा हा फोटो होता.

प्रस्तुत लेखकाचे थोरले बंधू त्याच मे महिन्यात गेले. आमचे आल्बम २०१९ च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटले होते. अण्णांना दूरध्वनी केला तेव्हा विसाराचे प्रकरण मनात होतेच. ते म्हणाले, "सर, तुमच्या मुलाच्या मुंजीत दादांचा मी एक वेगळा काढला होता. तो संगणकावर घेऊन ठेवलाय, पुरात गेला नाही. उद्या देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेमेसह फोटो आणून उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरून उभे राहिले. पैशांचे विचारले तर म्हणाले, "फ्रेमेचे तेवढे द्या. हार घालायच्या फोटोचे मी घेत नाही. वडील घेत नव्हते." ज्या दोन महिन्यांत या माणसाचे काम शासनाच्या दृष्टीने अनावश्यक होते, त्याच दोन महिन्यांत त्याने आयुष्यातले सर्वात आवश्यक काम केले आणि ते जवळजवळ फुकट केले.

त्याच्या चांगुलपणाचे गोडवे गाऊन येथे थांबणे सोपे आहे, आणि तसे करणे ही एक फसवणूक होईल. कष्टकऱ्याचा चांगुलपणा हे धोरण होऊ शकत नाही. प्रश्न कायद्याचा आणि न्यायाचा आहे.

टाळेबंदी हा शब्द आमच्या पिढीने प्रथम ऐकला तो गिरणीच्या दारावर. मालकाने दार बंद केले की कामगाराचे काय, हा प्रश्न कामगार चळवळीने इतका लावून धरला की, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने तरतूद झाली: ठरावीक आकाराच्या कारखान्यात कामगाराला त्याचा दोष नसताना काम देता आले नाही, तर त्या दिवसांची निम्मी मजुरी मालकाने द्यावी. काम बंद करण्याचा निर्णय ज्याचा, त्याने त्याची काही किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले. २०२० साली दार बंद करणारा मालक शासन होता. तेथे ते तत्त्व लागू का होऊ नये?

कायद्यात त्याला जागा नव्हती असेही नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो साथरोग अधिनियम लागू केला तो १८९७ सालचा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. परक्या सरकारचा तो कठोर कायदा. पण त्याच्या दुसऱ्याच कलमात, उपायांवर होणारा खर्च, नुकसानभरपाईसह, कोणी आणि कसा सोसायचा हे शासनाने ठरवावे असे म्हटले आहे. त्याच प्लेगाच्या काळात दादासाहेब फाळके गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा करत होते. १९०० च्या सुमारास साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले आणि तो धंदा सोडून ते गाव त्यांनी कायमचे सोडले. साथ आली की फोटोग्राफरचे दुकान मोडते, ही आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीची ओळखीची गोष्ट आहे. नुकसानभरपाई हा शब्दही तितकाच जुना आहे. तो वापरण्याची मात्र आपल्याला आठवण झाली नाही.

देशव्यापी टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली झाली. त्याच्या बाराव्या कलमानुसार मदतीची किमान मानके राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवायची असतात, आणि त्या मानकांत जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्य जसे येते, तसेच उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठीचे साहाय्यही येते. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे मृतांच्या कुटुंबीयांना साहाय्य देणे बंधनकारक आहे असा निर्णय दिला, आणि त्यानंतर पन्नास हजार रुपये ठरले. त्या अर्जांना लागणारे विधवांचे पासपोर्ट फोटो अण्णांनीच काढले. एका वाक्याचा पहिला अर्धा भाग अशा रीतीने जिवंत झाला. उपजीविकेविषयीचा उरलेला अर्धा भाग तसाच निजलेला राहिला. तो जागा करण्यासाठी कोणी न्यायालयात झगडले नाही, कारण झगडणाऱ्यांची यादीच नव्हती.

सार्वजनिक कामासाठी शासन एखाद्याची जमीन घेते तेव्हा मोबदला द्यावा लागतो. २०१३ च्या कायद्याने तो वाढवला आणि ते योग्यच झाले. सार्वजनिक हितासाठी शासनाने एखाद्याचा हंगाम घेतला तर त्याला काहीच का नाही? जमीन ही मालमत्ता आणि कष्ट ही मालमत्ता नव्हे, असा याचा अर्थ होतो. कष्टकऱ्याच्या बाजूने विचार करणाऱ्या कोणालाही हा अर्थ स्वीकारता येणार नाही.

इतर देशांनी काय केले, हेही पाहावे. ब्रिटनने २६ मार्च २०२० रोजीच स्वयंरोजगारितांसाठी योजना जाहीर केली: आधीच्या वर्षांतील सरासरी नफ्याच्या ऐंशी टक्के, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत. जर्मनीने एकट्याने किंवा चारदोन माणसांनिशी धंदा करणाऱ्यांना नऊ हजार युरोपर्यंत परत न करावयाचे साहाय्य दिले. ते श्रीमंत देश आहेत, त्यांच्या रकमा आपल्याला देता येणार नाहीत, हे मान्य. त्यांच्याकडून घ्यायचा तो विचार. स्वतःच्या कष्टावर जगणारा माणूसही कामगारच आहे, हे त्यांच्या शासनाने धरून चालले. आपल्या देशात तर निम्म्याहून अधिक काम करणारी माणसे याच वर्गातली आहेत. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले, त्या घटीत अशा असंख्य बंद शटरांची बेरीज होती.

काय करता येईल, याचे उत्तर शोधण्यासाठी सांगलीकरांना लंडनला जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली जो प्रयोग झाला त्यातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याला आधार ठरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करण्यास १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या कमावत्या माणसाने खेड्यातल्या बेकाराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यामागचा उदात्त विचार होता. अण्णा हा व्यवसाय कर दर वर्षी भरत आले. इतरांच्या कामाच्या हमीसाठी ज्याने कर भरला, त्याचे स्वतःचे काम आदेशाने थांबले तेव्हा त्याला कसलीच हमी नव्हती. व्यवसाय कर ज्याच्याकडून घेतला जातो त्याची नोंद शासनाकडे असते. म्हणजे वसुलीसाठी यादी होती; मदतीसाठी ती उघडली गेली नाही.

आमची सूचना अशी. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना एक मालक नाही अशा हमालांसाठी मंडळे स्थापन करून, मजुरीबरोबर ठरावीक आकार घेऊन त्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन बांधकाम कामगारांचा निधी उभा केला. त्याच धर्तीवर समारंभांवर जगणाऱ्या सर्व कारागिरांसाठी, म्हणजे फोटोग्राफर, मंडपवाले, वादक, आचारी, वाढपी, फूलवाले यांच्यासाठी, एक मंडळ असावे. मंगल कार्यालय, लॉन, भोजन आणि मंडप यांचे एकत्रित बिल दोन लाखांहून अधिक झाले तर त्यावर एक टक्का उपकर घ्यावा. पाच लाखांच्या लग्नावर तो पाच हजार रुपये होईल. साधे लग्न करणाऱ्यावर कसलाही बोजा पडणार नाही. सदस्यानेही दरमहा थोडी वर्गणी द्यावी. आणि शासकीय आदेशाने, मग तो साथीचा असो की पुराचा, काम पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिले तर अर्जाविना निर्वाह भत्ता सुरू व्हावा.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील एक गंभीर आहे. अशा मंडळांचे निधी वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहतात. बांधकाम मंडळांबाबत हेच घडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आहेत. म्हणूनच भत्ता अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता बंदीच्या आदेशाशीच कायद्याने जोडला पाहिजे. ज्या दिवशी बंदी पंधरा दिवसांपलीकडे जाईल त्या दिवशी देणे सुरू होईल. त्यासाठी वेगळा निर्णय लागू नये. याचा आणखी एक फायदा असा की, बंदी घालणाऱ्यालाही तिची किंमत आधी मोजावी लागेल आणि गरजेपेक्षा एक दिवसही ती लांबवण्यापूर्वी तो विचार करील.

दुसरा आक्षेप आपल्याच वर्तुळातून येईल. लग्नातला डामडौल कमी व्हावा असे आपण आयुष्यभर सांगत आलो. पन्नास माणसांची लग्ने हे टाळेबंदीचे एक वरदान, असे या काळात आपल्यापैकी अनेकांनी लिहिले आणि बोलून दाखवले. नोंदणी विवाहाचा आग्रह योग्यच होता आणि आहे. परंतु कर्ज काढून केलेल्या लग्नाने वधूपिता बुडतो हे जसे खरे, तसेच त्या लग्नावर शेकडो हात जगतात हेही खरे. समाज बदलायचा असेल तर त्या हातांना आधी सांगून, सावकाश आणि दुसरे काम देऊन बदलला पाहिजे. चार तासांच्या सूचनेने झालेला बदल हा सुधारणेचा विजय मानणे, हे निवृत्तिवेतन घेणाऱ्या सुधारकालाच परवडते.

अण्णांचे पुढे काय झाले ते सांगून हे लिखाण पुरे करतो. जुलै २०२१ मध्ये पेठेत पुन्हा पाणी आले. त्यानंतर लग्ने पूर्ववत सुरू झाली, कामेही मिळाली; पण जुन्या कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी नवे कर्ज, असे चालत राहिले. अखेर दुकानाची जागा विकून ते मोकळे झाले. आता लग्नसराईत एका मोठ्या स्टुडिओकडे ते रोजावर काम करतात, साठीच्या घरात आलेल्या माणसाने खांद्यावर दोन कॅमेरे अडकवून दिवसभर उभे राहावे तसे. त्यांच्याजवळची जुनी छायाचित्रे त्यांनी टाकलेली नाहीत. लोक अजूनही घरी जातात, हार घालायचा फोटो मागतात, आणि ते काढून देतात.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. कृष्णेला पूर मात्र येणार हे आपल्याला माहीत आहे. बंदीचे आदेश तेव्हा पुन्हा निघतील, आणि ते निघालेही पाहिजेत. त्या आदेशाबरोबर भरपाईची यादी निघणार असेल, तर ती आज, शांततेच्या काळात, तयार करावी लागेल. येत्या अधिवेशनात राज्य शासनाने या मंडळाचा विचार करावा, आणि आमच्या वाचकांनी आपापल्या गावातील असे कारागीर एकत्र आणण्यास प्रारंभ करावा, एवढीच मागणी आहे. यादी संघटनेमुळे होते, हा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव आहे.